मोटरसायकलचे परीक्षण: किती मानावे, कुठे थांबावे

मोटरसायकल घेण्यापूर्वी नियतकालिकांतील परीक्षणे वाचणाऱ्या ग्राहकाने परीक्षकाच्या मताआधी त्याला गाडी कोणाकडून, किती काळ आणि कोणत्या रस्त्यावर मिळाली होती हे पाहावे. नवे मॉडेल येते तेव्हा कंपनी पत्रकारांना बोलावते आणि पहिली चालवणूक पुष्कळदा दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटसारख्या शर्यतीच्या मार्गावर किंवा कंपनीच्याच चाचणी-मार्गावर काही तासांत आटोपते. तिथे खड्डे, गतिरोधक आणि सिग्नल नसतात. त्यामुळे वळणावरचा तोल, ब्रेकची पकड, इंजिनाचा जोर यांविषयी अनेक गाड्या हाताळलेल्या परीक्षकाचे म्हणणे निःशंक मानावे, परंतु गर्दीत इंजिनाची धग पायांना लागते का, मागे बसणाऱ्याला लांबचा प्रवास सोसतो का, हे त्याला तिथे कळूच शकत नाही.

मोजलेले आकडे हा परीक्षणाचा सर्वांत भरवशाचा भाग होय. जाहिरातीतील मायलेज हे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-तपासणी संस्थेने प्रमाणित केलेले, म्हणजे प्रयोगशाळेतील रोलरवर ठरावीक वेगक्रमाने गाडी चालवून काढलेले असते. उलट चांगली नियतकालिके टाकी काठोकाठ भरून गाडी रस्त्यावर चालवतात आणि ती पुन्हा भरताना लागलेले पेट्रोल मोजतात; हा आकडा सहसा कमी येतो, पण घरखर्चाचा हिशेब त्यावरच करावा. वजनाच्या बाबतीतही ‘ड्राय’ म्हणजे पेट्रोलविना धरलेले वजन आणि ‘कर्ब’ म्हणजे रस्त्यावर काढण्यास सज्ज गाडीचे वजन यांत गल्लत होऊ नये, कारण पंधरा लिटर पेट्रोलच सुमारे ११ किलो भरते.

जाहिरातींचा प्रश्न टाळता येत नाही. ज्या कंपन्यांच्या गाड्या तपासायच्या, त्यांच्याच जाहिरातींवर बहुतेक नियतकालिके चालतात. अमेरिकेतील १९३६ साली सुरू झालेले ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ जाहिराती घेत नाही आणि तपासायच्या वस्तू स्वतः विकत घेते, हा दुर्मीळ अपवाद आहे. याचा अर्थ इतर परीक्षक खोटे लिहितात असा नव्हे, तर दोष सौम्य शब्दांत येतात, एवढाच. म्हणूनच एकाच गाडीवरील लेखापेक्षा तीन-चार गाड्यांची तुलना अधिक उपयोगी पडते, कारण तिथे कोणाला तरी मागे ठेवावेच लागते आणि त्याचे कारणही द्यावे लागते.

टिकाऊपणाबाबत मात्र पहिल्या परीक्षणावर मुळीच विसंबू नये. परीक्षणासाठी आलेली गाडी कंपनीने नीट जुळवून दिलेली, जवळजवळ कोरी असते. साखळी किती लवकर सैल होते, दोन पावसाळ्यांनंतर वायरिंग कसे राहते, सुटा भाग किती दिवसांनी येतो, हे काही महिने गाडी वापरून लिहिलेल्या दीर्घकालीन अहवालातून थोडेफार समजते आणि त्याहून अधिक तालुक्याच्या मेकॅनिककडून व जुन्या मालकांकडून समजते. सीटची उंची तर छापील आकड्यावरून ठरवूच नये, कारण सीट रुंद असली तर तीच उंची पायांना अधिक भासते. तेव्हा डीलरकडे मागच्या सीटवर नेहमीचा सहप्रवासी घेऊनच टेस्ट राइड मागावी.