खिडकीबाहेरचे झाड आणि टेबलावरचे काम

गणपतीच्या आधी दोन-तीन महिने पेणच्या कारखान्यांत आखणीचे काम जोरात असते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणे. बारीक ब्रशने भुवई, पापणी, बुबुळ काढायचे. हात किंचित हलला तरी मूर्तीचा भाव बदलतो. म्हणून ते काम हात बसलेल्या कारागिराकडेच असते. पण तोही ते सलग करू शकत नाही. मध्येच उठतो, दाराशी येऊन पावसाकडे बघत उभा राहतो आणि पुन्हा पाटावर जाऊन बसतो. डोळे शिणले, असे आपण म्हणतो. खरे तर डोळ्यांमागचे काहीतरी शिणलेले असते.

ते काय, हे समजून घेण्यासाठी आपल्याला डी.एड.च्या मानसशास्त्राच्या पुस्तकाकडे जावे लागेल. अवधानाचे दोन प्रकार आपण तिथे वाचले आहेत : ऐच्छिक आणि अनैच्छिक. बेरीज तपासताना, वह्या तपासताना, मूर्तीचा डोळा काढताना आपण ऐच्छिक अवधान वापरतो. त्यासाठी आजूबाजूचे आवाज आणि मनात येणारे इतर विचार सतत मागे सारावे लागतात. थकवतो तो हा मागे सारण्याचा खटाटोप. उलट ओहोळातले पाणी, वाऱ्याने हलणारी माडाची झावळी यांच्याकडे लक्ष आपोआप जाते, त्यासाठी काहीच सारावे लागत नाही. अमेरिकेतील स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ साली आपल्या ग्रंथात असे मांडले की, निसर्गातल्या अशा सौम्य गोष्टी पाहताना ऐच्छिक अवधानाला विसावा मिळतो आणि ते पुन्हा ताजे होते. अनैच्छिक अवधान भर रस्त्यावरही जागे होते, पण तिथे हॉर्न वाजला की दचकून बाजूला व्हावे लागते. विसावा कसला मिळणार?

कचेरीत झाडे, उजेड, पाणी आणणाऱ्या आजच्या वास्तुरचनेचा पाया हा आहे. आपल्याकडे ही दृष्टी अगदीच नवी नव्हे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत १९६२ साली सुरू झाली. तिची बाग होमी भाभांनी प्रयोगशाळेइतक्याच आस्थेने उभारली. मोठी वाढलेली झाडे न तोडता मुळांसकट दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. भाभांना त्यासाठी पुरावा लागला नाही. आपण मात्र तो मागितला पाहिजे.

पुरावा दोन प्रकारचा आहे. पहिला ताणाचा. रॉजर उलरिक आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये १२० जणांना कामावरच्या अपघातांची अंगावर काटा आणणारी फिल्म दाखवली. मग काहींना निसर्गाची, तर काहींना शहरी रस्त्यांची चित्रफीत दाखवली. हृदयाची क्रिया, स्नायूंचा ताण, त्वचेवरचा घाम यांची मोजणी चालूच होती. निसर्ग पाहणाऱ्यांचे शरीर काही मिनिटांतच लवकर आणि अधिक पूर्णपणे पूर्वपदावर आले.

दुसरा पुरावा विचारशक्तीचा. मिशिगन विद्यापीठात २००८ साली काही जणांना आधी थकवून मग चालायला पाठवले, एकदा वृक्षोद्यानात आणि एकदा गावातल्या रहदारीत. परत आल्यावर त्यांना आकडे ऐकवून उलट क्रमाने म्हणायला सांगितले. उद्यानातून आल्यावर ते अधिक आकडे म्हणू शकले. विशेष म्हणजे हा फायदा कडाक्याच्या थंडीतही झाला. म्हणजे तो नुसता ‘मजा आली’ यातून आलेला नव्हता.

मेलबर्नचा २०१५ चा प्रयोग आम्हाला रोह्यासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. १५० विद्यार्थ्यांना पडद्यावर अंक येताच कळ दाबायची होती, फक्त ३ आला की दाबायची नाही. असे कंटाळवाणे काम, मध्ये फक्त ४० सेकंदांची विश्रांती. त्या वेळात काहींना फुललेल्या गवताची गच्ची दाखवली, काहींना उघडी काँक्रीटची. हिरवी गच्ची पाहणाऱ्यांकडून कळ दाबायची राहून जाण्याच्या चुका कमी झाल्या. आता रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीचा विचार करा. तिथे रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्याच्या नियंत्रण कक्षात पाळीवरचा माणूस तासन् तास तापमान आणि दाबाचे आकडे बघत असतो. त्याच्या हातून ‘राहून गेलेली’ एक कळ किती महाग पडू शकते, हे सांगायला नको. असे कक्ष सुरक्षिततेसाठी बंदिस्त बांधावे लागतात, तिथे मोठी खिडकी मागणे वेडेपणाचे. पण वरच्या दोन प्रयोगांत तरी खरा निसर्ग कुठे होता? चित्रच होते. चहाच्या सुट्टीची जागा कुंडलिकेच्या किंवा डोंगराच्या बाजूला असावी, एवढे तर नक्कीच जमेल. अर्थात बारा तासांची पाळी आणि अपुरी माणसे यांवर झाड हा इलाज नाही. कोणी तसे सुचवू लागला तर त्याला थांबवावे.

एक गैरसमज फार पसरला आहे. १९८९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ने बंद पेटीत ठेवलेली झाडे हवेतील काही विषारी वायू शोषतात असे दाखवले. तेव्हापासून ‘कुंडी ठेवा, हवा शुद्ध करा’ अशी जाहिरात चालते. पण २०१९ मध्ये असे सगळे प्रयोग एकत्र तपासले गेले. इमारतीत एरवी हवा खेळते तेवढ्याने जे साधते, तेवढे साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील असा हिशेब निघाला. तेव्हा हवेसाठी खिडकीच उघडावी. कुंडीचा उपयोग आहे तो डोळ्यांना.

आणि खिडकीचेच आपल्याकडे हाल आहेत. पेणच्या जुन्या घरांना पडवी, अंगण, मागचे परसू असे. खातेवही लिहिणाऱ्याने मान वर केली की तुळस दिसे. आता गावोगावच्या कचेऱ्यांत आणि शाळेच्या शिक्षकदालनांतही आम्ही पाहतो, खिडकीला नेमके दप्तराचे कपाट लावलेले असते. ते दोन हात सरकवायला खर्च येत नाही.

आठवी-नववीच्या वर्गात हे तपासून पाहता येईल. गणिताचा तास संपल्यावर मुलांचे दोन गट करा. एकाने दहा मिनिटे व्हरांड्यातून झाडांकडे पाहत बसावे, दुसऱ्याने वर्गात भिंतीकडे. बोलणे दोघांनाही बंद. मग तीन अंकांपासून सुरुवात करून, एकेक अंक वाढवत, उलट क्रमाने म्हणायला सांगा. दुसऱ्या दिवशी गटांची अदलाबदल करा, कारण सरावानेही गुण वाढतात. अंक वाचणाऱ्याला कोणता मुलगा कुठे बसला होता हे कळता कामा नये. फरक दिसला नाही तरी तसेच नोंदवा. तीस-चाळीस मुलांत लहानसा फरक लपून जाऊ शकतो. व्हरांड्यात कुंड्या मांडणार असाल तर खालच्या ताटल्यांतले पाणी आठवड्यातून एकदा न चुकता ओता, नाहीतर आपल्या पावसाळ्यात झाडांआधी डासच वाढतील.