सही-शिक्क्याखाली हरवलेली अक्षरं

स्वातंत्र्यलढ्यात ९ सप्टेंबर १९४२ रोजी खटाव तालुक्यातली माणसं मोर्चा घेऊन वडूजच्या कचेरीवर गेली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती हुतात्मा झाले. तेव्हा माणसं कचेरीकडे गेली होती. आता कचेरीचा कागदच पीडीएफ होऊन माणसांच्या मोबाइलवर येतो. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याच्यापर्यंतही तो पोहोचतो का?

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची नोंद सुमारे ५ लाख ७४ हजार होती. त्यांच्यातले अनेक जण संगणक, मोबाइल सराईतपणे वापरतात. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा ‘स्क्रीन रीडर’ हे त्यांचं साधन. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६मध्ये सुरू केलेला ‘एनव्हीडीए’ मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो. मात्र वाचायला फाइलमध्ये अक्षरं असावी लागतात.

तीच वाटेत हरवतात. तालुक्याच्या गावची नोटीस वर्डमध्ये टाइप होते, छापली जाते, तिच्यावर सही-शिक्का बसतो, मग ती स्कॅन होऊन ग्रुपवर पडते. स्कॅन म्हणजे अक्षरांचा फोटो. डोळसाला फरक जाणवत नाही. स्क्रीन रीडरला मात्र कोरं पान दिसतं. ओसीआर या तंत्राने फोटोतली अक्षरं परत काढता येतात, पण पुसट शिक्क्याखालचा गट नंबर एका आकड्याने चुकला, तरी कागद दुसऱ्याच्याच जमिनीचा होतो.

दुसरी अडचण खास आपली आहे. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी फक्त दिसते. आत साठतात रोमन चिन्हं. ‘कृतीदेव’मध्ये टाइप केलेला ‘विद्यालय’ हा शब्द संगणकाच्या लेखी एफ, ओ, उभी रेघ, के, वाय आणि अर्धविराम असतो. स्क्रीन रीडरही तसंच वाचतो. देवनागरीला स्वतःचे संकेतांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, तरी जुने फॉन्ट टायपिंगच्या दुकानांतून हललेले नाहीत.

युनिकोडमध्येही एक खोच आहे. पीडीएफ अक्षरांच्या आकृत्या जशा दिसतात त्या क्रमाने मांडतं. ‘किती’तली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येते. कोणती आकृती म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता फाइलमध्ये नीट नसेल, तर जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. पारख सोपी आहे: पीडीएफमधली ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे ती जशीच्या तशी आली, तर फाइल निम्मी पास.

उरलेलं निम्मं मांडणीचं. मथळा नुसता ठळक केला, तर तो डोळ्यांपुरताच मथळा. वर्डमधली ‘हेडिंग’ शैली दिली, की स्क्रीन रीडर वापरणारा एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. चित्राला दोन ओळींचं वर्णन, तक्त्याला शीर्षकाची ओळ, मजकुराची भाषा मराठी, एवढं केलं की ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पीडीएफ करावं आणि पर्यायांत ‘टॅग्ज’ची खूण तपासावी. ‘प्रिंट टू पीडीएफ’ने ही मांडणी सहसा गळून पडते. मोफत मिळणाऱ्या लिब्रे ऑफिसमध्येही ‘टॅग्ड पीडीएफ’ची सोय आहे. अशा पीडीएफसाठी २०१२पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

कायदाही बाजूने आहे. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचं कलम ४२ माहिती सुलभ रूपात देण्याविषयी आहे. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने १६ ऑगस्ट २०२२च्या निकालात छापून स्कॅन करण्याची पद्धत निरर्थक, वेळखाऊ ठरवली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी याच न्यायालयाने सुलभतेचे नियम नुसते शिफारसवजा न ठेवता बंधनकारक करायला सांगितलं.

प्रश्न उरतो सही-शिक्क्याचा. त्यावर डिजिटल सहीचा उपाय आहे. तीही जमत नसेल, तर स्कॅनसोबत मूळ टाइप केलेल्या मजकुराची फाइल जोडावी. त्याला पैसा लागत नाही. ग्रामसेवक, मुख्याध्यापक, पतसंस्थेचे सचिव, टायपिंगचं दुकान चालवणारे, सगळ्यांना एवढीच विनंती: पुढची नोटीस छापून स्कॅन करू नका. जी अक्षरं तुम्ही एकदा टाइप केलीत, ती तशीच पुढे जाऊ द्या.