मॅटप्लॉटलिबच्या मुक्या चुका

पायथॉनमध्ये काम करणाऱ्या संशोधकाला आलेख काढायचा असला की त्याचा हात बहुतेक वेळा मॅटप्लॉटलिबकडेच जातो. खगोलशास्त्रापासून हवामानशास्त्रापर्यंत आणि जनुकशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत असंख्य शोधनिबंधांतल्या आकृत्या या मुक्त लायब्ररीतून उमटलेल्या असतात. एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची जी प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिली, तिच्यामागच्या सॉफ्टवेअरच्या साखळीतही मॅटप्लॉटलिब होते. इतक्या वापरातल्या साधनाबद्दल तक्रारी असणारच, आणि त्या बऱ्याचशा ठरावीक आहेत: आकृती कोरी आली, खिडकी उघडलीच नाही, अक्षावरची नावे कापली गेली, अक्षरांच्या जागी चौकोन आले. अशा तक्रारींवर इलाज सापडतो, लोक तो करतात आणि पुढे जातात. माझे म्हणणे एवढेच, की दिसून येणाऱ्या या बिघाडांपेक्षा न दिसणारे बिघाड संशोधनाला कितीतरी महाग पडतात. ते पकडायचे असतील तर आलेखाच्या दुरुस्तीला किरकोळ कारकुनी समजणे सोडून द्यावे लागेल, कारण ती पुराव्याची तपासणी आहे.

हे साधन जन्मले तेच एका अडचणीतून. जॉन हंटर हे शिकागो विद्यापीठात मज्जाशास्त्राचे संशोधक होते. फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून घेतलेल्या विद्युत नोंदींचा ते अभ्यास करत. त्या नोंदी तपासण्याचे सॉफ्टवेअर विकतचे होते आणि त्याचा परवाना एकच. त्याची डोंगल विद्यार्थी, डॉक्टर आणि संशोधक यांच्यात हातोहात फिरे. हंटर यांनी आधी मॅटलॅबमध्ये पर्याय उभा केला. पण रुग्णालयातल्या नोंदी म्हणजे निव्वळ आकड्यांचे तक्ते नसतात. स्कॅन, विद्युत नोंदी, शस्त्रक्रियेची माहिती असे सगळे वेगवेगळ्या सर्व्हरवर विखुरलेले असते, आणि तिथे मॅटलॅब अपुरे पडू लागले. मग ते पायथॉनकडे वळले. तिथे मनासारखे आलेख काढणारे काही मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच ते लिहिले आणि २००३ मध्ये खुले केले. मॅटलॅबला सरावलेल्या सहकाऱ्यांना परके वाटू नये म्हणून आज्ञांची धाटणी मुद्दाम मॅटलॅबसारखी ठेवली. २८ ऑगस्ट २०१२ रोजी कर्करोगावरच्या उपचारांतून उद्भवलेल्या गुंतागुंतीत, वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे मायकेल ड्रोटबूम आणि मग थॉमस कॅस्वेल यांनी धुरा सांभाळली. आजही काम चालते ते मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर.

मॅटलॅबसारख्या त्या धाटणीतच पुष्कळ तक्रारींचे मूळ आहे. मॅटप्लॉटलिबचे तीन थर आहेत. सर्वांत वर पायप्लॉट, म्हणजे चटकन लिहायच्या आज्ञा. मधे आर्टिस्ट, म्हणजे आकृती, अक्ष, रेषा, अक्षरे अशा प्रत्येक गोष्टीची स्वतंत्र वस्तू. तळाशी बॅकएंड, तो या वस्तू पडद्यावर, पीएनजी चित्रात किंवा पीडीएफमध्ये उमटवतो. पायप्लॉटला कोणत्या आकृतीवर काम करायचे ते सांगावे लागत नाही, कारण एक ‘चालू आकृती’ त्याच्या ध्यानात असते. आता नेहमीची तक्रार घ्या: पडद्यावर आलेख छान दिसला, पण साठवलेली फाइल कोरी निघाली. साध्या स्क्रिप्टमध्ये ‘शो’ ही आज्ञा दिली की खिडकी बंद होईपर्यंत कार्यक्रम तिथेच थांबतो. खिडकी बंद होताच ती आकृती चालू राहत नाही. पुढच्याच ओळीत ‘सेव्हफिग’ येते, चालू आकृती मागते, ती नसते, म्हणून पायप्लॉट इमानेइतबारे एक नवी, कोरी आकृती तयार करून तीच साठवते. ६.४ इंच रुंद, ४.८ इंच उंच, इंचाला १०० ठिपके. म्हणून ती कोरी फाइल नेमकी ६४० बाय ४८० ठिपक्यांची असते. दोन ओळींची अदलाबदल केली की काम भागते. पण अदलाबदल का करायची हे ज्याला कळले, त्याला पडदा नसलेल्या सर्व्हरवर खिडकी का उघडत नाही आणि तिथे फक्त फाइल लिहिणारा ॲग हा बॅकएंड का निवडायचा, हेही निराळे शिकवावे लागत नाही. बिघाड कोणत्या थरात आहे, हा प्रश्न त्याला आपोआप सुचतो.

कोरी फाइल निदान कोरी दिसते. आता मुकी चूक पाहा. पावसाच्या नोंदींची एक फाइल आहे. एका दिवसाच्या रकान्यात आकड्याऐवजी आडवी रेघ टाकली आहे, कारण त्या दिवशी नोंद झाली नाही. फाइल वाचताना त्या एका रेघेमुळे अख्खा स्तंभ आकड्यांऐवजी मजकूर म्हणून वाचला जातो; १२ मिलिमीटर हा आकडा न राहता ‘१२’ अशी दोन अक्षरे होतो. मॅटप्लॉटलिब मजकूर नाकारत नाही. २०१७ मधल्या २.१ आवृत्तीपासून ते मजकुराला वर्गांची नावे समजते आणि ज्या क्रमाने नावे पहिल्यांदा भेटतील त्या क्रमाने त्यांना अक्षावर समान अंतराने जागा देते. समजा नोंदी १२, ९, ३०, ९ अशा आहेत. मग उभ्या अक्षावर खालून वर १२, ९, ३० असे लिहिले जाते. बारावरून नवावर उतरलेला पाऊस आलेखात चढलेला दिसतो, आणि नऊ ते तीस ही मोठी उडी बारा ते नऊ एवढ्याच उंचीची दिसते. लाल अक्षरांत काहीही येत नाही. सगळा मजकूर आकड्यांसारखा असेल तर लायब्ररी एक सूचना लिहिते खरी, पण ती ‘इन्फो’ पातळीची असल्यामुळे मुद्दाम चालू केल्याशिवाय दिसत नाही. हजार नोंदी असल्या की अक्षावर अक्षरांचा काळा गिचका होतो आणि संशय येतो. दहा-बारा नोंदींचा आलेख मात्र सुबक, निर्दोष दिसतो आणि तसाच अहवालात जातो.

अशा चुका आणखीही आहेत. नोंद नसलेल्या दोन दिवसांच्या मधे एकच दिवस नोंद असेल आणि आलेख नुसत्या रेषेचा असेल, तर त्या दिवसाचा आकडा डेटात असूनही आलेखात दिसत नाही, कारण रेषेला दोन बिंदू लागतात. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन रंगचित्रांत प्रत्येक चित्र आपापल्या किमान-कमाल आकड्यांवर रंग ताणते. त्यामुळे एकाचा गडद पिवळा म्हणजे ४० आणि दुसऱ्याचा ४०० असू शकतो, आणि वाचक मात्र दोन्ही एकच समजतो. तोच तक्ता ‘इमशो’ने काढला तर पहिली ओळ वर येते आणि ‘पीकलरमेश’ने काढला तर खाली. नकाशा असेल तर भारत उलटा दिसून चूक लगेच कळते. नुसता सहसंबंधांचा तक्ता असेल तर कोणाच्याही लक्षात येत नाही. रंगांच्या बाबतीत तर चूक खुद्द मूळ मांडणीतच होती. ‘जेट’ ही इंद्रधनुषी रंगपट्टी वर्षानुवर्षे आपोआप लागू होत असे. तिच्यातली उजळपणाची चढउतार आकड्यांबरोबर एकसारखी चालत नाही, त्यामुळे डेटात नसलेल्या कडा डोळ्यांना दिसतात. नॅथॅनियल स्मिथ आणि स्टेफान व्हान डर वाल्ट यांनी तिच्या जागी उजळपणा एकसारखा वाढत जाणारी ‘व्हिरिडिस’ रंगपट्टी तयार केली, आणि जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत ती मूळ मांडणी झाली. मॅटलॅबनेही त्याआधी, २०१४ मध्ये जेट सोडून दिली होती. जुने आलेख वेगळे दिसतील हे माहीत असूनही मॅटप्लॉटलिबने हा बदल केला, याबद्दल मला त्या चमूचे मनापासून कौतुक वाटते.

बोलकी चूक आणि मुकी चूक यांतला फरक मराठी वाचकाला देवनागरीवरून सर्वांत चांगला कळेल. अक्षाला मराठी नाव दिले की आधी चौकोन उमटतात, कारण मूळचा डेजाव्हू सॅन्स हा फॉन्ट देवनागरी जाणत नाही. ही बोलकी चूक आहे. ‘क’ असेल तर २३२५ क्रमांकाचे अक्षर फॉन्टमध्ये नाही, असा स्पष्ट इशारा येतो. देवनागरी फॉन्ट दिला की चौकोन जातात, इशाराही जातो, आणि काम झाले असे वाटते. पण नीट वाचा. ‘महिना’ या शब्दात पहिली वेलांटी ‘ह’च्या आधी दिसायला हवी, संगणकात ती ‘ह’च्या नंतर साठवलेली असते. मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा बॅकएंड गेली अनेक वर्षे साठवलेल्या क्रमानेच एकापुढे एक आकार मांडत आला आहे. त्यामुळे वेलांटी ‘ह’ सोडून ‘न’च्या गळ्यात पडते. ‘पर्जन्य’मधला रफार नाहीसा होऊन पाय मोडलेला ‘र’ उभा राहतो, जोडाक्षरे सुटतात. अक्षरे जुळवण्याचे हे काम निराळ्या यंत्रणेचे आहे आणि ती यंत्रणा त्या वाटेवर नव्हतीच. इलाज आहेत: अक्षरे जुळवणारी रॅक्म ही लायब्ररी वापरणारा एमपीएलकैरो हा बॅकएंड, झीलाटेककडून अक्षरे जुळवून घेणारा पीजीएफ, किंवा एसव्हीजीमध्ये मजकूर मजकूरच ठेवून जुळवणी ब्राउझरवर सोपवणे. तिन्ही इलाज तळच्या थरातले आहेत. वरच्या थरात कितीही फॉन्ट बदलले तरी उपयोग नाही. पुष्कळजण कंटाळून अक्षांना इंग्रजी नावे देतात आणि जिल्ह्याच्या लोकांसाठी काढलेला आलेख जिल्ह्याच्या भाषेला मुकतो. मला हे फार लागते, कारण बिघाड दुरुस्त होण्याजोगा असतो.

यावर पहिला आक्षेप असा, की इतके सगळे वापरणाऱ्यानेच पाहायचे तर साधनाची रचनाच सदोष म्हणायला हवी. चांगल्या सॉफ्टवेअरने चूक होऊच देता कामा नये. यात तथ्य आहे. चालू आकृतीची कल्पना आज नव्याने कोणी इतकी मध्यवर्ती ठेवणार नाही, आणि लायब्ररीचे जाणकारही आता आकृती व अक्ष यांना नाव देऊन थेट त्यांनाच आज्ञा द्या असे सांगतात. पण मजकुराचे काय करायचे? ज्वारी, बाजरी, तूर ही नावे अक्षावर लागतातच. मजकूर नाकारला तर पिकांचा आलेख निघणार नाही. ‘१२’ हा पावसाचा आकडा आहे की वॉर्डाचा क्रमांक, हे लायब्ररीला कुठून कळणार? ते ठाऊक असते नोंद घेणाऱ्याला. त्यामुळे मूळ मांडणी कितीही सुधारली तरी मुक्या चुकांचा एक वाटा माणसाकडेच राहतो.

दुसरा आक्षेप हल्ली जास्त ऐकू येतो: कोणताही बिघाड शोधला की तयार उत्तर मिळते, यंत्रालाच विचारले तर तेही ओळी लिहून देते, मग थरबीर कशाला समजून घ्यायचे? बोलक्या चुकांपुरते हे ठीक आहे. इशाऱ्याचे शब्द हाताशी असतात, त्यावरून शोध घेता येतो. मुक्या चुकीला शब्दच नसतात. काय विचारायचे तेच माहीत नसते, कारण काही बिघडले आहे हेच माहीत नसते. शिवाय तयार उत्तरांत एक घातक उत्तर वारंवार भेटते, ते म्हणजे सगळे इशारे बंद करणारी ओळ. पडदा स्वच्छ होतो, आणि ज्या थोड्या चुका बोलत होत्या त्याही मुक्या होतात. संशोधनाच्या कामात ही ओळ कोणी लिहू नये असे माझे ठाम मत आहे.

वेळेचा आक्षेपही ऐकून घेण्यासारखा आहे. संशोधकाला मुळात वेळ कमी, त्यात आलेखाची झडती कोण घेणार? पण शोधनिबंध हाती आला की पुष्कळ वाचक आधी आकृत्या पाहतात आणि मजकुराकडे नंतर वळतात. ज्याच्या जोरावर निष्कर्ष पटवायचा, ते तपासायला वेळ नाही म्हणणे योग्य नाही. झडतीला वेळही फार लागत नाही. मधल्या थरातल्या वस्तू आलेख काढून झाल्यावरही हाताशी असतात. अक्षाकडून त्याच्या रेषा मागाव्यात, रेषेकडून तिचे क्ष आणि य आकडे परत घ्यावेत, आणि मूळ फाइलमधल्या किमान, कमाल व नोंदींच्या संख्येशी ते ताडून पाहावेत. मजकुराचे वर्ग झाले असतील तर तीस मिलिमीटरच्या जागी ‘३०’ हा मजकूर किंवा दोन हा आकडा हाती येतो आणि चूक तिथेच उघडी पडते. स्तंभाचा प्रकार आलेखाआधी एकदा छापून पाहावा. शेजारच्या रंगचित्रांना एकच किमान आणि कमाल स्वतः द्यावे. आणि बिघाड दुसऱ्याला विचारायचाच असेल तर अख्खा कार्यक्रम पुढे न करता तो दहा-पंधरा ओळींवर आणावा, सोबत आवृत्ती आणि बॅकएंड सांगावा. ओळी कमी करता करताच पुष्कळदा दोष सापडतो.

मुंबईच्या आयआयटीत शास्त्रीय कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणारा फॉसी हा प्रकल्प चालतो, आणि त्रिमितीय आलेखांसाठी जगभर वापरले जाणारे मायावी हे पायथॉनचेच साधन तिथले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी घडवले. म्हणजे आपल्याकडे या विद्येचे जाणकार आहेत आणि ती शिकवण्याची वाटही पडलेली आहे. मात्र महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांत आलेख काढून दाखवला की गुण मिळतात आणि विषय संपतो. त्यात एक प्रश्न वाढवावा. विद्यार्थ्याला नीटनेटका दिसणारा, पण पावसाचा स्तंभ मजकूर म्हणून वाचला गेलेला तयार आलेख आणि त्याची मूळ फाइल द्यावी, आणि हा आलेख अहवालात घालता येईल का, हे कारणासकट लिहायला सांगावे.