पर्यटक मोजायचे की रहिवासी?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये 'शाश्वत पर्यटन' हा शब्द जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात होता. गाईडनी एवढंच विचारलं, "हे मोजणार कशानं?" मी म्हटलं, पर्यटकांच्या संख्येनं. तिथेच चुकलं. का, ते व्हेनिसच्या उदाहरणावरून सांगते.

व्हेनिसच्या जुन्या बेटावरच्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. तिथल्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक आहे. क्रिकेटचा स्कोअरबोर्डच, पण उतरत जाणारा.

सगळा दोष पर्यटनाला देऊ नका हं. दमट जुनी घरं, १९६६ चा महापूर, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे-मार्गेरा भागातल्या नोकऱ्या, यांमुळेही लोक गेले. पण गेलेल्यांच्या जागी नवी कुटुंबं येईनात, कारण घर महिन्याच्या भाड्यानं देण्यापेक्षा पर्यटकांना दिवसाच्या भाड्यानं देणं फायद्याचं. इमारती जागच्या जागी आहेत. १९८७ पासून जागतिक वारसा यादीतही आहेत. किराणा, शाळा, शेजार मात्र विरळ होत गेले. संस्कृती म्हणजे फक्त दगडी भिंती असतील तर सगळं ठीकच म्हणायचं!

२०२४ मध्ये शहरानं ठरावीक २९ दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्यांना ५ युरो शुल्क लावलं. मुक्कामी पर्यटकांना यातून सूट. आता बघा, मुक्कामाची जागा म्हणजे बरेचदा कोणाचं तरी जुनं राहतं घर. त्यामुळे शुल्कानं समजा गर्दी कमी झाली, तरी घरांचा प्रश्न तसाच. तुमचा निर्देशक 'रोजची गर्दी' असेल, तर धोरण यशस्वी ठरेल आणि शहर रिकामं होत राहील.

पणजीच्या फोंतेन्हाससारख्या छोट्या वस्तीवर काम करणार असाल तर पर्यटन खात्याच्या आकड्यांपासून सुरुवात करू नका. गल्लीत फिरून दुकानांची यादी करा: किराणा किती, कॅफे किती. जवळच्या शाळेचा पट मागा. मतदार यादीही उपयोगी, पण जपून. गेलेल्यांची नावं तिच्यात वर्षानुवर्षं राहतात. आणि रात्री नऊनंतर कोणत्या खिडक्यांत दिवा आहे, तेही वहीत टिपून ठेवा. माझ्या गाईडना सगळ्यात आवडलेला तक्ता तोच होता.