फुकट फोनची चाळीस वर्षं

अमेरिकेत गरिबांना सरकारी मदतीतून फुकट मोबाइल मिळतो, हे आपल्याकडे अनेकांनी ऐकलेलं असतं. त्यामागची ‘लाइफलाइन’ ही योजना मात्र मोबाइलच्याही आधीची. २०२५ मध्ये तिला चाळीस वर्षं झाली.

१९८४ मध्ये ‘एटी अँड टी’ या दूरध्वनी कंपनीची मक्तेदारी मोडली. लांबच्या कॉलच्या कमाईवर घरगुती फोन स्वस्त ठेवण्याची जुनी घडी विस्कटली. भाडं वाढलं की गरीब घरं फोन काढून टाकतील, ही धास्ती होती. म्हणून १९८५ मध्ये, रोनाल्ड रेगन अध्यक्ष असताना, तिथल्या दूरसंचार आयोगाने अशा घरांना मासिक बिलात सूट दिली. १९९६ च्या कायद्याने या सवलतीला ‘युनिव्हर्सल सर्व्हिस फंडा’चा पक्का आधार मिळाला. दूरसंचार कंपन्या या निधीत पैसे भरतात आणि बहुतेक वेळा ते ग्राहकांच्या बिलात लावतात. ज्यांच्याकडे फोन आहे, ते इतरांचा भार थोडाथोडा उचलतात.

वळण आलं ते २००५ मध्ये. कॅटरिना वादळात घरदार गमावलेल्यांना घरच्या फोनवरची सूट काय कामाची? त्यांच्यासाठी आयोगाने मोबाइलची तात्पुरती सोय केली. त्याच वर्षी ‘ट्रॅकफोन’ या प्रीपेड कंपनीला नियमातून सवलत मिळाली आणि २००८ मध्ये तिची ‘सेफलिंक’ सेवा सुरू झाली. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हँडसेट सरकार देत नाही. सरकारी निधीतून कंपनीला एका ग्राहकामागे महिन्याला ठरावीक रक्कम मिळते. २०१२ पासून ती साधारणपणे ९.२५ डॉलर आहे. ग्राहक जोडण्यासाठी साधासा फोन कंपनी आपल्या पदरचा देते.

मग वस्त्यांच्या कोपऱ्यांवर या कंपन्यांचे तंबू दिसू लागले. अन्नमदतीचं म्हणजे ‘स्नॅप’चं किंवा गरिबांच्या आरोग्यविम्याचं म्हणजे ‘मेडिकेड’चं कार्ड दाखवायचं, ओळखपत्र द्यायचं, सही करायची आणि पात्र ठरलं की फोन घेऊन घरी जायचं. सुरुवातीच्या काळात महिन्याला बहुधा २५० मिनिटांपर्यंतच मर्यादा असायची. सरकारी कचेरीला फोन लावून ताटकळत बसलं, तरी मिनिटं खर्ची पडायची. तरीही नोकरीच्या अर्जावर लिहायला स्वतःचा नंबर होता, दवाखान्यातून उलट फोन येऊ शकत होता, याचं मोल फार मोठं होतं.

योजना फुगली, तसे गैरप्रकारही वाढले. एकाच घरात अनेक जोडण्या, अपात्रांची नोंदणी. वार्षिक खर्च २००८ मधल्या सुमारे ८० कोटी डॉलरवरून २०१२ मध्ये २२० कोटींच्या आसपास गेला. त्याच निवडणूक वर्षात ‘ओबामा फोन’ हे नाव हेटाळणीने गाजलं. योजना रेगन यांच्या काळातली आणि मोबाइलचा समावेश धाकट्या बुश यांच्या काळातला, हे त्या गदारोळात कुणी ऐकून घेईना. आयोगाने मात्र योजना गुंडाळली नाही, दुरुस्त केली. एका घराला एकच जोडणी, दरवर्षी पात्रतेची फेरतपासणी, दुबार नावं शोधणारी राष्ट्रीय नोंद असे नियम आले. २०१६ मध्ये इंटरनेटही योजनेत आलं.

कोरोनाकाळानंतर इंटरनेटच्या बिलात महिना ३० डॉलरपर्यंत सूट देणारी दुसरी मोठी योजना आली. तिच्यात २ कोटी ३० लाखांहून अधिक घरं सामील झाली. पण तिला एकदाच दिलेला पैसा संपला आणि १ जून २०२४ रोजी ती बंद पडली. लाइफलाइन टिकली, कारण तिच्यामागे कायमचा निधी होता. त्या निधीलाच न्यायालयात आव्हान मिळालं, तेव्हा जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवला.

आपल्याकडचा अनुभव याच्याशेजारी ठेवून पाहावा. छत्तीसगडमध्ये २०१८ साली ‘संचार क्रांती’ योजनेत स्मार्टफोन वाटले गेले. राजस्थानात १० ऑगस्ट २०२३ पासून महिलांना फोन देणं सुरू झालं. दोन्ही वाटपं विधानसभा निवडणुकीच्या वर्षातली. सत्ता बदलली आणि दोन्ही थांबली. वाटलेला फोन दोन-तीन वर्षांत जुना होतो, रिचार्ज मात्र दर महिन्याला करावा लागतो. गरिबाचा फोन बंद पडतो तो बहुधा तिथेच.

लाइफलाइन निर्दोष नाही. ९.२५ डॉलरची रक्कम इतक्या वर्षांत महागाईबरोबर वाढलेली नाही, आणि कागदपत्रांच्या जाचात खरे गरजूही गळतात. पण तिने मदतीचं एकक अचूक निवडलं: फोन नव्हे, महिना. उद्या आपल्या दारी कुणी फुकट मोबाइल घेऊन आलं तर तो जरूर घ्यावा, आणि तिथल्या तिथे विचारावं, ‘याचा रिचार्ज कोण भरणार, कुठल्या निधीतून आणि किती वर्षं?’ या प्रश्नाचं उत्तर कायद्यात लिहिलेलं असेल, तरच ती योजना म्हणायची.