जुनी शेगडी, निळी ज्योत

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावात किंवा शहरात जुना बाजार असेलच. तेथे जुने पंखे, सायकली, घड्याळे आणि गॅसच्या शेगड्याही विकायला असतात. थोड्या पैशांत कामाची वस्तू मिळते, म्हणून लोक तेथे जातात. यात कमीपणा मुळीच नाही. चालण्याजोगी वस्तू फेकून न देणे ही चांगलीच सवय आहे. मात्र जुनी खुर्ची आणि जुनी शेगडी यांत मोठा फरक आहे. खुर्ची मोडली तर एक माणूस पडेल. शेगडीत दोष राहिला तर सारे घर धोक्यात येईल. म्हणून जुनी शेगडी दुरुस्त करताना काय स्वच्छ करावे, काय बदलावे आणि कशाला स्वतः हात लावू नये, हे आपण समजून घेऊ या.

आमच्या शेजारी एक खाला राहतात. रमजानमध्ये समोसे तळून विकावेत, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी दुसरी शेगडी हवी होती. नवी घेण्याइतके पैसे नव्हते. त्यांनी जुन्या बाजारातून दोन बर्नरची एक शेगडी आणली. ती तेलाने चिकट झाली होती आणि बर्नर काळे पडले होते. खालांचा मुलगा नववीत शिकतो. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आपण हिला नवी करू या."

आम्ही प्रथम शेगडी नीट पाहिली. तिच्यावर आय.एस.आय. चिन्ह होते. पत्रा गंजून कोठे आरपार गेला नव्हता. चारही पाय जमिनीला सारखे टेकत होते. आतील गॅसची नळी वाकलेली नव्हती. बर्नरला तडा नव्हता. यांपैकी एखादा मोठा दोष असता, तर ती शेगडी स्वस्तातही महागच पडली असती.

मग सफाई सुरू झाली. शेगडी सिलिंडरला जोडलेली नव्हती. तुमच्या घरची शेगडी जोडलेली असेल, तर आधी रेग्युलेटर बंद करून काढावा आणि सिलिंडरला टोपी लावावी. आम्ही भांडी ठेवायच्या जाळ्या, खालच्या ताटल्या आणि बर्नर उचलून वेगळे केले. लोखंडी जाळ्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तासभर बुडवून ठेवल्या. त्यामुळे चिकट तेल सुटले. ॲल्युमिनियमच्या भागाला मात्र सोडा लावू नये; त्याने ॲल्युमिनियम काळे पडते व झिजते. तो भाग साबणाच्या पाण्यानेच धुवावा. पितळी बर्नर आम्ही चिंचेच्या पाण्याने घासले. तुमच्या आईला किंवा आजीला विचारा, पितळेची भांडी चिंचेने कशी उजळतात ते त्या सांगतील! बर्नरची भोके बारीक सुईने हलक्या हाताने मोकळी केली. सारे भाग उन्हात पूर्ण वाळवले. जाळ्यांवरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला. ज्योतीजवळच्या भागाला साधा रंग मात्र दिला नाही, कारण तापल्यावर तो जळतो आणि त्याचा धूर होतो.

दोन दिवसांत शेगडी चकाकू लागली. पण चकाकी म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे आम्हांला लवकरच कळणार होते.

जोडणी करून घेण्यासाठी गॅस एजन्सीचा कारागीर आला. त्याने शेगडी जोडून पेटवली, तेव्हा पिवळी, वीतभर उंच ज्योत भडकली. वर ठेवलेल्या पातेल्याचा तळ लगेच काळा झाला. कारागिराने शेगडी ताबडतोब बंद केली. मुलगा हिरमुसला. तो म्हणाला, "बर्नर पुन्हा घासू या का?" कारागीर म्हणाला, "बेटा, दोष बर्नरमध्ये नाही. ही शेगडी आधी पाइपच्या गॅसवर चालत होती का, ते सांग."

या प्रश्नाचा अर्थ समजण्यासाठी थोडे विज्ञान पाहू या. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही बुन्सेन बर्नर पाहिला असेल. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे 1855 च्या सुमारास रॉबर्ट बुन्सेन या रसायनशास्त्रज्ञाने तो वापरात आणला. जळण्यापूर्वीच गॅसमध्ये हवा मिसळली, तर ज्योत निळी व अधिक तापदायक होते आणि काजळी धरत नाही. हे त्या बर्नरचे रहस्य आहे. आपली शेगडीही याच तत्त्वावर चालते. नॉब फिरवला की गॅस एका छोट्या पितळी तोटीतून वेगाने बाहेर पडतो. या तोटीला जेट म्हणतात. तिचे भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते. वेगाने जाणारा गॅस बाजूच्या फटीतून हवा आत ओढतो. गॅस आणि हवा नळीत मिसळतात आणि बर्नरच्या भोकांपाशी जळतात.

हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते. सांडलेले दूध, पीठ, कोळ्याचे जाळे यांनी हवेची वाट अडते. मग भांडी काळी होतात, गॅस वाया जातो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. म्हणून पिवळी ज्योत ही केवळ भांडी घासणाऱ्याची डोकेदुखी नाही, ती धोक्याची खूण आहे.

पण खालांच्या शेगडीत तर हवेची वाट मोकळी होती. मग गॅसच जास्त येत होता का? होय! मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत अनेक घरांत पाइपने नैसर्गिक वायू येतो. त्यात मुख्यतः मिथेन असतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. सारख्या आकारमानाचे दोन्ही वायू जाळले, तर सिलिंडरच्या वायूपासून अडीच पटींहून अधिक उष्णता मिळते. म्हणून पाइपच्या गॅससाठी जेटचे भोक मोठे ठेवतात आणि सिलिंडरसाठी लहान. खालांची शेगडी पाइपच्या गॅसची होती. मोठ्या भोकातून सिलिंडरचा गॅस प्रमाणाबाहेर येत होता आणि त्याला पुरेशी हवा मिळत नव्हती.

कारागिराने दोन्ही जेट बदलले. बोटाच्या पेराहूनही लहान अशा त्या दोन तोट्या! जेटमध्ये तार घालून भोक मोठे करणारे लोक असतात. "ज्योत मोठी, तर स्वयंपाक लवकर," असे त्यांना वाटते. तुम्ही असे कधीही करू नका.

आता नळीची पाळी आली. जुन्या शेगडीबरोबर जुनी रबरी नळीही आली होती. खाला म्हणाल्या, "ही चांगली दिसते. हीच वापरली तर?" कारागिराने ती नळी वाकवून दाखवली. वाकलेल्या जागी बारीक बारीक भेगा उघडल्या. खाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी नवी नळी लावण्यास सांगितले. आत तारांची जाळी असलेली सुरक्षा नळी घ्यावी आणि तीही पाच वर्षांनी बदलावी. रेग्युलेटर एजन्सीकडूनच घ्यावा. नॉब घट्ट फिरत असेल, तर त्यात खायचे तेल घालू नये. ते काम कारागिराचे आहे.

शेवटी गळतीची तपासणी झाली. नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू केला आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला. गॅस गळत असेल तर तेथे फुगे फुगतात. गळती शोधण्यासाठी काडी कधीही पेटवू नये. एकही फुगा आला नाही. मग शेगडी पेटवली. या वेळी छोटी, स्थिर, निळी ज्योत दिसली. मुलाचा चेहरा खुलला.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत साचतो. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. असा वास आला, तर नॉब व रेग्युलेटर बंद करा. दारे-खिडक्या उघडा. विजेचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. बाहेर जा आणि 1906 या क्रमांकावर फोन करा.

मित्रांनो, 'दुरुस्ती' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूतील 'दुरुस्त' या शब्दाचाच हा भाऊ आहे. दुरुस्त म्हणजे बरोबर, योग्य. वस्तू नुसती सुंदर दिसून चालत नाही. ती आतून बरोबर असावी लागते. सफाई आपण स्वतः केली, तर पैसे वाचतात. जेट, कॉक, रेग्युलेटर यांचे काम जाणकाराकडे सोपवले, तर जीव वाचतो. कोठे थांबायचे हे ज्याला कळते, तोच खरा काटकसरी.

त्या रमजानमध्ये खालांचे समोसे रोज मगरिबच्या आधीच संपत. पहिला समोसा त्या कारागिरासाठी बाजूला ठेवलेला असे.

स्वाध्याय

1. खालांना दुसरी शेगडी कशासाठी हवी होती?
2. ज्योत पिवळी होण्याची कोणती कारणे पाठात आली आहेत?
3. कारणे लिहा : (अ) ॲल्युमिनियमला सोडा लावू नये. (आ) खालांनी नवी नळी लावण्यास सांगितले.
4. घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने तुमच्या शेगडीची नळी किती जुनी आहे ते पाहा आणि त्याविषयी पाच वाक्ये लिहा.
5. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द पाठातून शोधून लिहा.