सोलर बिघडला नव्हता

अक्कलकोटात गच्चीवर उभं राहिलं की चहूकडे सोलरच्या टाक्या दिसतात. वटवृक्ष मंदिराच्या आसपासच्या लॉजना काकड आरतीआधी भक्तांच्या आंघोळीचं पाणी द्यावं लागतं. घराघरांतही बंब अडगळीत जाऊन सोलर आला. उन्हाला इथं तोटा नाही, अडचण पाण्याची. काळ्या दगडातून वर येणारं बोअरचं पाणी जड असतं. तापलं की त्यात विरघळलेला चुना वेगळा होतो आणि पाइपच्या आत, मिक्सरच्या पोटात, टाकीच्या तळाशी थर धरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं आहे. त्यामुळे सोलरची तक्रार केली की उत्तर तयारच असतं : क्षार धरलाय, ट्यूबा गेल्या.

आम्हालाही तेच ऐकायला मिळालं. थंडीत खालच्या मजल्यावरच्या नळाला कोमट पाणी येऊ लागलं. सर्व्हिसवाला आला, गच्चीवर गेला, खाली येऊन म्हणाला, “मालक, सगळ्या ट्यूबा बदलाव्या लागतील.” त्या बदलल्या, टाकी धुतली, बिल झालं, पैसे दिले. दुसऱ्या सकाळी नळाला तेच कोमट पाणी. फोन केला तर म्हणाला, “मग आता टाकीच गेली असणार.”

तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या प्लंबरला बोलावलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरात कानडी, बाहेर मराठी; या सीमेवरच्या गावात तसं बोलणारे पुष्कळ. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी एकच विचारलं, “पाणी तापतच नाही, का तापलेलं खाली पोचत नाही?” वर जाऊन त्यांनी टाकीतून निघणाऱ्या गरम पाइपला हात लावला आणि लगेच काढून घेतला. पाइप चटका देत होता. म्हणजे टाकी आपलं काम करत होती.

मग त्यांनी सोलरच्या टाकीत थंड पाणी सोडणारा वॉल बंद केला आणि खाली गरम पाण्याचा नळ उघडा ठेवायला सांगितलं. टाकीत नवं पाणी येणं थांबलं की गरम नळही थोड्या वेळात थांबायला हवा. आमचा नळ वाहतच राहिला, आणि पाणी थंडगार. “हे पाणी दुसरीकडून येतंय,” अण्णा म्हणाले. मग एकेका बाथरूममधल्या मिक्सरखालचे वॉल बंद करत गेले. वरच्या मजल्यावरच्या मिक्सरचे वॉल फिरवले आणि खालचा नळ थांबला. त्या मिक्सरच्या आतला भाग क्षाराने झिजला होता. नळ बंद असतानाही थंड पाणी त्याच्यातून गरम लाइनीत शिरत होतं आणि खाली उतरताना गरम पाण्यात मिसळत होतं. क्षार होताच, पण त्याने नुकसान केलं ते भलत्याच ठिकाणी.

काढलेल्या ट्यूबा अजून कठड्याला टेकून होत्या. अण्णांनी एक उचलून तिचं बंद टोक दाखवलं. तिथं आरशासारखी चंदेरी चकाकी होती. या नळीला काचेच्या दोन भिंती असतात, मधली हवा काढून घेतलेली असते, आणि टोकाशी बेरियम धातूचा पातळ थर असतो. हवा आत शिरली की हा थर पांढरा पडतो. आमच्या सगळ्या ट्यूबांची टोकं चंदेरी होती. एकही गेली नव्हती.

सर्व्हिसवाल्याकडे पैसे परत मागताना आम्ही काम आणि निदान वेगळं केलं. टाकी धुतली होती, तळाचा गाळ निघाला होता. ती मजुरी त्याची. ट्यूबा आणि त्या बसवण्याचे पैसे मात्र आमचे. पत्रात तक्रार काय होती, त्याने कारण काय सांगितलं, काय बदललं, बदलल्यावर काय झालं आणि वॉल बंद केल्यावर काय दिसलं, एवढंच तारखांसह लिहिलं. त्याच्या हेतूबद्दल एक शब्द नाही. सोबत बिलाची प्रत आणि टोकांचे फोटो जोडले. तो येऊन जुन्या ट्यूबा पाहून गेला. त्याच जुन्या ट्यूबा परत बसवून, नव्या घेऊन जाऊन त्याने ती रक्कम परत केली.

त्याने ऐकलं नसतं, तर पुढची वाट होती. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतली उणीव हे तक्रारीचं स्पष्ट कारण आहे, आणि सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथं निभावलं नाही, तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पण आयोगापुढेही बोलणार ते कागद आणि काढलेला भागच. “जुना माल आम्ही घेऊन जातो” म्हणणाऱ्याला म्हणूनच थांबवावं. पुरावा त्याच्या टेम्पोतून निघून गेला की उरतो तो फक्त आपला शब्द विरुद्ध त्याचा शब्द.

माझा आग्रह आहे की कुठलाही महागडा भाग बदलण्याआधी कारागिराने बिलाच्या मागे तीन गोष्टी लिहून द्याव्यात : काय दिसलं, कोणती चाचणी केली आणि बदलल्यावर नेमकं काय सुधारेल. सुधारलं नाही तर वाद घालायला तेवढं पुरतं. प्रामाणिक कारागिराला याचा जाच वाटू नये. उलट अण्णांसारख्या माणसाच्या ज्ञानाला त्यानेच मोल येईल. आज आपण नवा भाग बसवणाऱ्याला हजारो रुपये देतो आणि बिघाड शोधून काढणाऱ्याच्या हातावर चहापाण्याचे पैसे ठेवतो. अण्णांनी त्या दिवशी फक्त वॉल फिरवले आणि एक मिक्सर बदलला. त्यांना आम्ही मजुरीसोबत शोधण्याचे पैसेही वेगळे दिले, आणि ते बिलावर तसेच लिहायला लावले.